पिंपातल्या चिंध्या

ब्रेडफ्रूट कॉर्नरच्या यार्डाला फाटक बसलं, त्याच दिवशी इस्मेच्या मनात पाल चुकचुकली.

लॅव्हेंटिलच्या टेकडीवर पॅनयार्डाला फाटक असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. एक नीरफणसाचं झाड, शेजारी पत्र्याचं छप्पर, छपराखाली तेलाच्या पिंपांपासून घडवलेली पॅन, आणि भोवती ज्याला वाटेल तो, असं असतं यार्ड. इस्मे याच झाडाखाली वाढली. तरुणपणी तिनं इथंच उंच सुरांचं टेनर पॅन वाजवलं. तेव्हा शेजारच्या बायका भाताचं ताट हातात घेऊन तालीम ऐकायला यायच्या आणि कुणी चुकलं की तिथूनच त्याचा उद्धार करायच्या. आता बँडच्या कॅप्टननं, ऑलविननं, चक्क जाळीचं फाटक लावलं आणि वर पाटी टांगली, की तालमीच्या वेळी पालकांना प्रवेश नाही. विचारलं तर म्हणे, मागच्या वर्षी दुसऱ्या बँडची माणसं येऊन आपली रचना ऐकून गेली. शिवाय आया मध्येच ओरडतात आणि पोरं बिथरतात.

आया ओरडतात हे खरं होतं. त्यात इस्मेचा आवाज सगळ्यांत मोठा, हेही खरं. पण फाटक बसलं ते केतुरा बँडमध्ये गेल्यानंतर पंधरवड्याच्या आत, हे तिनं मनाशी टिपून ठेवलं.

केतुरा तिची एकुलती एक. लहानपणी मेंदूज्वर झाला, त्यातून पोर वाचली पण कान गेले. आता ती सोळा वर्षांची होती, आईपेक्षा वीतभर उंच, आणि तोंडाची फटकळ. म्हणजे हातांची फटकळ म्हणायला हवं, कारण ती हातांनी बोलायची. टेकडीवरच्या निम्म्या लोकांना तिचे हात कळायचे. उरलेल्या निम्म्यांना ते कळत नसत, हे त्यांच्या दृष्टीनं बरंच होतं.

ऑलविननं त्या वर्षी पोरांच्या बँडसाठी नवी टूम काढली होती. ज्याला यायचं त्यानं यावं, कुणाला नाही म्हणायचं नाही. चाकाच्या खुर्चीत बसणारी एक मुलगी आली. डोळ्यांनी अधू असलेला एक मुलगा आला आणि महिन्याभरात टेनरवाल्यांच्या नाकावर टिच्चून वाजवायला लागला. केतुराही गेली. तिनं सगळ्यांत मोठी पॅन मागितली, बेस. छातीएवढ्या उंचीची सहा पिंपं भोवती मांडायची, मध्ये उभं राहायचं आणि स्पंज लावलेल्या काठ्यांनी वाजवायची. बेसचा आवाज कानांपेक्षा पोटाला जास्त कळतो, हे केतुराला कुणी शिकवावं लागलं नाही. ती चपला काढून लाकडी फळीवर अनवाणी उभी राहायची. खिळा टोचेल गं, गंजका असला म्हणजे, असं इस्मे रोज बजावायची आणि केतुरा रोज मान डोलावून पुन्हा अनवाणी उभी राहायची.

इथवर सगळं छान होतं. पण ती बँडमध्ये गेली त्याच आठवड्यात एका बिस्किटवाल्या कंपनीनं बँडला शर्ट दिले. शर्टांवर पाठीमागे छापलं होतं, सगळ्यांना जागा. शर्टांमागून फोटोवाला आला. आणि फोटोवाला आला तो केतुराच्याच मागे लागला. वर्तमानपत्रात फोटो छापून आला तो असा, की पुढे पिवळी पिंपं, त्यांच्यामागे केतुरा, दोन्ही हात वर, चेहरा हसरा, आणि बाकी अख्खा बँड मागे धुक्यात गेलेला. खाली लिहिलं होतं, ऐकू न येणारी वादक. टेकडीवर सगळ्यांनी इस्मेचं अभिनंदन केलं. इस्मेनं फोटो फ्रिजवर चिकटवला आणि त्याच्याकडे रोज बघता बघता तिला तो खुपायला लागला.

कारण तिला बोयो आठवत होता.

बोयो हा त्यांच्या वेळचा बेसवाला. मनानं राजा माणूस, पण तालाशी त्याचं वाकडं होतं. त्याला काढून टाकायचं कुणाच्या जिवावर येत नव्हतं. म्हणून तेव्हाच्या कॅप्टननं, म्हणजे ऑलविनच्या बापानंच, एक युक्ती केली. बोयोच्या पिंपांत खालून चिंध्या कोंबल्या. बेसचं पिंप खालून उघडं असतं, त्यात जुनी फडकी गच्च भरली की वर कितीही बडवा, नुसता धप् होतो आणि तो बाकीच्या बेसमध्ये कुठल्या कुठे बुडून जातो. बोयो वर्षानुवर्षं घाम गाळून वाजवत राहिला. बँड जिंकला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. अख्ख्या यार्डाला ठाऊक होतं, एक त्याला सोडून. तो स्टेजवर चढला की पोरंपोरी एकमेकांना कोपरानं ढोसायची. इस्मेही ढोसायची. बोयो गेला तो आपण बेसवाले होतो याच समजुतीत गेला.

तेव्हा ते सगळं गमतीचं वाटलं होतं. आता ते आठवलं की ती फ्रिजकडे पाठ फिरवायची. कानानं धड असलेल्या बोयोला कळलं नाही, तर केतुराला काय कळणार? आणि ऑलविन म्हणजे बापाचाच मुलगा. फोटोसाठी पोरगी पुढे करायची, शर्ट घ्यायचे, टाळ्या घ्यायच्या आणि पिंपात चिंध्या कोंबायच्या. पोरीच्या तोंडाला पानं पुसायची आणि मागे उभं राहून एकमेकांना कोपरानं ढोसायचं.

इस्मेनं ऑलविनला रविवारी चर्चबाहेर गाठलं. दोघं लहानपणापासून एकमेकांना ओळखणारी, त्यामुळे आडपडदा नव्हता. तिनं सरळ विचारलं, की माझी पोरगी वाजवते का. ऑलविन म्हणाला, छान चाललंय तिचं. इस्मे म्हणाली, छान चाललंय हे मी नाही विचारलं, वाजवते का? त्यावर त्यानं टोपी काढून पुन्हा घातली आणि आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगायला लागला. गुडघ्यावर कुठलं तेल चोळतो इथपर्यंत सांगितलं. इस्मेनं ते सगळं ऐकून घेतलं आणि घरी येताना तिची खात्री पटली, की इथं नक्की पाणी मुरतंय. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस एवढं गुडघ्याबद्दल बोलत नाही.

मग तिनं केतुरालाच विचारलं. केतुरा स्वयंपाकघरात टेबलावर बोटं आपटत बसली होती. हल्ली ती सारखी हेच करायची, पाव खाताना सुद्धा.

"तुझ्या पिंपांचा आवाज येतो का गं?" इस्मेनं हातांनी विचारलं.

केतुरा मोठ्यानं हसली. "मला विचारतेस? देवा, काय बाई आहे."

"चेष्टा नको करू. येतो का?"

केतुरानं पोटावर तळवा ठेवला. मग पायाचा तळवा वर करून दाखवला, काळाकुट्ट. "इथे येतो आणि इथे येतो."

 पण इस्मेला पॅनमधलं कळत होतं, आणि तिथंच घात झाला. पॅनच्या चाकवाल्या गाड्याच्या फळीवर दोन बेसवाले शेजारी शेजारी उभे असतात. एकानं वाजवलं तरी फळी दोघांच्या पायाखाली थरथरते. शेजारच्याचा थरथराट पोरीला आपला वाटत असेल, हे तिनं मनातल्या मनात मांडून पाहिलं आणि ते इतकं चपखल बसलं की तिला रडू आलं. शेजारचा म्हणजे कदीम, ऑलविनचा पुतण्या. त्याची पिंपं निळी. म्हणजे खरा बेस कॅप्टनच्या पुतण्याचा आणि शोभेचा बेस माझ्या पोरीचा, असा तिनं हिशेब लावला.

बेसवाल्यांची म्होरकी शझारा. टेकडीच्या पायथ्याशी तिच्या बापाचं डबल्सचं, म्हणजे चणे भरलेल्या पुऱ्यांचं, दुकान होतं. इस्मे कामावरून येताना तिथं थांबली आणि चण्यात मिरची कमी घाल म्हणता म्हणता तिनं शझाराला खोदून पाहिलं. केतुरा कशी आहे, कुणाशेजारी उभी असते, पिंपं कुणी लावून दिली. शझारा बापाच्या समोर अवघडली. "टँटी इस्मे, तुम्ही स्पर्धेच्या फायनलला याच," एवढंच म्हणाली आणि कागदात डबल्स गुंडाळायला लागली. टेकडीवर आईच्या वयाच्या प्रत्येक बाईला टँटी म्हणतात आणि टँटीच्या डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलवत नाही. शझारानं डोळे वर केलेच नाहीत.

झालं. इस्मेच्या दृष्टीनं साक्षीपुरावा पुरा झाला. आता फक्त पिंपात हात घालून बघायचं राहिलं होतं. आणि चिंध्या सापडल्या तर केतुराचा हात धरून तिला बँडमधून कायमची बाहेर काढायची, मग ती कितीही रडू दे, हे तिनं ठरवलं. पोरीला बँडशिवाय दुसरं काही नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण पोरीचा बोयो झालेला तिला चालणार नव्हता.

फायनल सव्हानाच्या मैदानावर होती. फाटकाची बंदी तिथं नव्हती, उलट तिथं पालक लागतातच. पॅनचे गाडे म्हणजे चाकं लावलेले लोखंडी सांगाडे, वर छत, आत फळी आणि फळीवर पॅन. रस्त्यावरून स्टेजच्या चढणीपर्यंत ते माणसांनी ढकलत न्यायचे असतात. इस्मेनं ढकलणाऱ्यांत नाव दिलं होतं. ती इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. सकाळची पाळी संपवून, कापडी पिशवी खांद्याला लावून ती तशीच मैदानावर आली, तेव्हा बँडची रस्त्यावरची शेवटची तालीम नुकतीच संपली होती. ऑलविन पोरांना घेऊन झाडाखाली गेला होता. तिथं सगळ्यांनी नवे शर्ट घालायचे आणि हातात हात घालून प्रार्थना करायची असा रिवाज. गाडे रस्त्यात रांगेनं उभे होते आणि राखणीला एकटा लेनक्स होता. लेनक्स ट्रक चालवायचा, बोलायला लागला की ब्रेक नसायचा.

"आलीस का," लेनक्स म्हणाला. "बस जरा गाड्यापाशी. सकाळपासून पोटात काही नाही, मी डबल्स खाऊन येतो."

इस्मे म्हणाली, जा की, सावकाश खा.

बेसचा गाडा सगळ्यांत मागे होता. एका बाजूला पिवळी पिंपं, दुसऱ्या बाजूला निळी. इस्मे पिवळ्यांपाशी गुडघ्यावर बसली. फोटोत रोज दिसणारा वाकडा पोचा पहिल्या पिंपावर तसाच होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं, पिंपाखालून हात आत घातला आणि बोटांना कापड लागलं.

तिला वाटलं होतं की सापडलं तर राग येईल. आधी राग आलाच नाही. आधी नुसतं वाईट वाटलं, इतकं की ती तशीच हात आत ठेवून बसून राहिली. कितीतरी दिवस तिला आपला संशय खोटा ठरायला हवा होता, हे तिला तेव्हा कुठे कळलं. मग राग आला. तिनं चिंध्या ओढायला सुरुवात केली. जुना पडदा निघाला, टॉवेल निघाला, कुणाचा तरी शाळेचा स्कर्ट निघाला. एकेक पिंप करून तिनं सहाही रिकामी केली आणि सगळं पिशवीत कोंबलं.

आता पोरीला हात धरून घरी न्यायची होती. ते तिनं ठरवलंच होतं. पण झाडाखालून पोरांचा घोळका पळत येताना दिसला आणि त्यात केतुरा, नव्या लाल शर्टात, सगळ्यांच्या पुढे, आईला बघून दोन्ही हात हलवत. इस्मेचा बेत तिथंच बदलला. का न्यायची घरी? वाजवू दे पोरीला. आता पिंपं बोलतील. ऐकू दे सगळ्यांना, ऑलविनला तर आधी. तिनंही हात हलवला. तेवढ्यात लेनक्स तोंड पुसत आला, ढकला रे म्हणून ओरडा झाला, आणि तिनं मान खाली घालून गाड्याला खांदा लावला. मान खाली घालून ढकलताना वर फळीवर कोण कुठे चढलं ते दिसत नाही.

गाडे स्टेजवर लागले. ढकलणारे बाजूनं खाली उतरून कठड्यापाशी उभे राहिले. तिथून उन्हाकडे तोंड होतं. समोर छतांची रांग आणि पॅनचं लोखंड चमकत होतं, माणसं म्हणजे नुसते लाल ठिपके. पोलादी काडीचे चार ठोके पडले आणि बँड सुरू झाला.

सुरुवात अशी झाली की कठड्यापाशी उभी असलेली माणसं आपोआप डोलायला लागली. टेनर स्वच्छ. आंधळ्या पोरानं पहिलीच लकेर अशी घेतली की लेनक्सनं शिट्टी मारली. इस्मे बेस ऐकत होती, फक्त बेस. खोल, गोल, पोटात उतरणारा. ही माझी पोरगी, ती मनात म्हणाली.

आणि मग बेस चुकला.

आधी थोडासा, ठोका किंचित मागून पडला. मग पुढच्या वळणावर बाकीचे खाली उतरले आणि एक बेस वरच राहिला, धडधडीत, उघडा, बेसूर. टेनर चुकलं तर कदाचित कळणार नाही. बेस चुकला की मैदानावर चणे विकणाऱ्यालाही कळतं. तो बेस चुकला, सावरायला गेला, आणखी चुकला. प्रेक्षकांतून एक हुंकार उठला.

"बहिरी पोरगी," लेनक्स कळवळून म्हणाला. "बिचारी. ऐकूच येत नाही, ती तरी काय करणार?"

आसपासच्या सगळ्यांनी मान हलवली.  इस्मेलाही तेच वाटलं. अगदी त्याच क्षणी तिच्या मनात आलं, की अरे देवा, म्हणून चिंध्या भरल्या होत्या. ऑलविनचं बरोबर होतं. माझ्या पोरीला नाही येत, आणि मी तिला उघडं पाडलं.

तिला बघवेना, पण नजर हलेना. ऊन अडावं म्हणून तिनं कपाळावर हात धरला आणि बेसच्या गाड्याकडे पाहिलं. कठडा खाली, गाडा वर, त्यामुळे तिला आधी पायच दिसले. पिवळ्या पिंपांमागे पांढरे बूट होते, मोठे, पोराचे. निळ्या पिंपांमागे अनवाणी पाय होते.

इस्मेनं वर पाहिलं. निळ्या पिंपांत केतुरा उभी होती. मान किंचित तिरकी, नजर पुढे ताल धरणाऱ्या शझाराच्या खांद्यावर, आणि काठ्या पडत होत्या त्या अचूक. शेजारी पिवळ्यांत कदीम घामाघूम होऊन बडवत होता. त्याचा चेहरा असा झाला होता, की अंधारात पाय खाली टाकावा आणि पायरीच नसावी. केतुरानं दोनदा पायांखाली पाहिलं. फळीतून येणारं काहीतरी तिला नवं लागत होतं. मग तिनं ओठ घट्ट मिटले आणि आणखी जोरानं, आणखी नेमकं वाजवायला लागली, शेजारचा गोंधळ आपल्या अंगावर घेऊन बुजवायला बघावं तशी.

बँडनं रचना पुरी केली. टाळ्या पडल्या, दयेच्या टाळ्या असतात तशा लांबलचक.

स्टेजच्या पलीकडच्या उतारावर गाडे उतरले. शझाराचे डोळे लाल झाले होते. कदीम गाड्याच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या सोडत होता, त्या सोडायचं काही कारण नसताना. फोटोवाला पळत आला आणि त्यानं ऑलविनला विचारलं, त्या मुलीला स्टेजवर दडपण आलं का. ऑलविननं केतुराकडे पाहिलं, पुतण्याकडे पाहिलं.

"पोरं आहेत," तो म्हणाला. "चुकतात."

एवढंच म्हणाला. कोण चुकलं ते म्हणाला नाही, आणि न म्हणता खापर जिथं फुटायचं तिथं फुटलं. फोटोवाल्यानं हळहळून मान हलवली. केतुरा सगळ्यांच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होती. तिला ओठ वाचता यायचे. पण आजचे चेहरे वाचायला ओठांची गरज नव्हती.

शझाराला ते सहन झालं नाही. ती इस्मेकडे वळली आणि भडाभडा बोलली. "टँटी, ती चुकली नाही. शपथ. पिवळी पिंपं पहिल्या आठवड्यापुरती तिची होती. ऑलविन अंकलनी चिंध्या घालून दिली होती तिला. फोटो काढला आणि त्याच दिवशी तिनं पिंपावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि हसली. मेलेलं पॅन आहे म्हणाली. सरळ निळ्यांत जाऊन उभी राहिली, ती हललीच नाही. मग अंकलनी तिचं वाजवणं बघितलं आणि गप्प बसले. पिवळी कदीमला दिली. त्याला ताल येत नाही, त्यालाही माहितीये. त्याला नुसतं आमच्यात राहायचं होतं. आज त्या चिंध्या कुठे गेल्या तेच कळत नाही."

कदीमनं नाड्यांवरून मान वर केली नाही. "तालमीत होत्या," तो पुटपुटला. "स्टेजवर पहिला ठोका मारला आणि मला मीच ऐकू आलो."

इस्मेनं खांद्यावरची पिशवी काढली आणि रस्त्यावर पालथी केली. पडदा, टॉवेल, शाळेचा स्कर्ट.

"मी काढल्या," ती म्हणाली, फोटोवाल्याला ऐकू जाईल अशी. "माझ्या पोरीच्या समजून काढल्या. ती ठोका चुकली नाही. या पोराचाही दोष नाही. लेनक्स, तुझ्या तोंडाला ब्रेक नाही ना, तर जा आणि सगळ्या मैदानाला सांग."

लेनक्सनं जीभ चावली. ऑलविन पुढे आला. 

"मला विचारायचंस ना, इस्मे."

"विचारलं होतं. तू मला गुडघा सांगितलास."

"काय सांगू तुला? पहिल्या आठवड्यात तुझ्या पोरीला बोयो केला होता म्हणून सांगू? लाज वाटली मला."

"आणि आत्ता? आत्ता लाज कुठे गेली होती?"

ऑलविननं टोपी काढली आणि या वेळी परत घातली नाही. फोटोवाल्याकडे जाऊन त्यानं सांगितलं, की मघाशी मी अर्धवट बोललो, ते पुरं करतो. तो काय काय बोलला ते इस्मेनं ऐकलं नाही. तिच्यासमोर केतुरा येऊन उभी राहिली होती.

केतुरा चिंध्यांकडे बघत होती. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

"तुला वाटलं पिवळी माझी आहेत," तिचे हात म्हणाले.

"हो."

"मी तुला सांगितलं होतं, आवाज येतो म्हणून."

"हो."

 मग केतुरानं सावकाश विचारलं, लहान मुलाशी बोलावं तितकं सावकाश, एकेक खूण सुटी करून. "बेस चुकला, तेव्हा तुला कोण वाटलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. कदीम वाटला म्हणायचं, की संपलं. पण त्या पोरीशी इस्मे जन्मभर हातांनीच बोलत आली होती आणि त्या हातांनी तिनं आजवर तिला एकदाही फसवलं नव्हतं. तिच्या हातात एक चिंधी राहून गेली होती. ती तिनं खाली टाकली, कारण उत्तर द्यायला हात मोकळा हवा होता.

"तू," ती म्हणाली.

केतुरानं मान डोलावली. ती रडली नाही, रागावलेलीही दिसली नाही. तिला जे दिसत होतं ते तिनं आधीच बघून ठेवलं होतं आणि आता फक्त ताडून पाहिलं, असा तिचा चेहरा झाला. इस्मेला वाटलं, हिनं एक थप्पड मारली असती तर बरं झालं असतं.

खाली वाकून केतुरानं चिंध्या गोळा केल्या. कदीमजवळ गेली, त्याच्या मांडीवर त्या टाकल्या आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली. कदीम कसनुसा हसला. मग ती गाड्यावर चढली, निळ्या पिंपांत जाऊन बसली आणि तिथून आईकडे वळून हात हलवले.

"कॅप्टनचा माझ्यावर विश्वास बसायला एक आठवडा लागला," ती म्हणाली. "तुला किती लागतो बघू."

गाडे टेकडीवर परत न्यायचे होते. इस्मे बेसच्या गाड्यामागे गेली आणि तिनं खांदा लावला. वर केतुरा पाय सोडून बसली होती, काळे तळवे अगदी आईच्या डोळ्यांसमोर, आणि घरी पोहोचेपर्यंत इस्मे तिला चपला घाल म्हणाली नाही.